घड्याळजींचे भिंग आणि पांढरी लिंबोणी

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. दांडीचे, पुस्तकावर धरायचे भिंग तुम्ही पाहिले असेल. मी तसे नाही. मी अंगठ्याएवढ्या काळ्या पेल्यासारखे आहे. बुडाशी काच आणि वर उघडे तोंड. ते तोंड डोळ्याच्या खोबणीत बसवतात, भुवई जराशी खाली ओढतात आणि मी तिथे टिकून राहते. दोन्ही हात मोकळे राहतात. घड्याळ दुरुस्त करायला दोन्ही हात लागतात, म्हणून माझी घडण अशी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. माझ्यातून लांबचे काही दिसत नाही. समोरचा माणूस, भिंत, दार, सगळा धूर होतो. वस्तू तीन बोटांवर आली, की मात्र केसाएवढा ओरखडा दोरीएवढा दिसू लागतो.

माझी काच एका कारखान्यात ओल्या भुकटीवर घासून घासून तयार झाली. तपासणीला बसलेल्या बाईने मला उजेडाकडे धरले, एकदा फिरवले आणि ‘ठीक’ म्हणून बाजूला ठेवले. त्यापेक्षा जास्त कौतुक माझ्या वाट्याला पुढे कधी आले नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. काच चांगली असेल तर ती दिसतच नाही. लोक तिच्या पलीकडचे पाहतात.

घड्याळजींनी मला घेतले तेव्हा ते तरुण होते. दुकानदाराने चार भिंगे काढली. पहिली तीन त्यांच्या डोळ्यातून निसटून पडली. मी पडले नाही. एवढ्यावरून आमची जोडी जमली.

त्यांचे दुकान इतके अरुंद होते, की गिऱ्हाईक पायरीवर उभे राही आणि घड्याळ तेवढे आत येई. टेबलावर चिमटे, बारीक ब्रश, स्पिरिटची बाटली आणि काचेच्या झाकणाच्या चपट्या डब्या. घड्याळजींचे दोन नियम होते. पहिला, जे घड्याळाचे नाही ते घड्याळात राहू द्यायचे नाही: धूळ, कापसाचा धागा, वाळलेले तेल, सगळे काढायचे. दुसरा, घड्याळ पुन्हा चालू होईपर्यंत काढलेला तुकडा टाकायचा नाही. तो काचेच्या डबीत ठेवायचा. गिऱ्हाईक घाई करू लागले तर ते म्हणत, “घड्याळात तेल ओतत नाहीत हो, थेंब ठेवतात.”

लोक म्हणत, त्यांच्या हाताला गुण आहे. खरे होते ते. पण हाताला गुण असलेल्या माणसाची मान सदा खाली असते. काम उरले, की ते मला घरी आणत आणि खिडकीपाशी बसत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी पुढे बाई म्हणेन, स्वयंपाकघरातून ओरडत, “अहो, जेवताना तरी त्या सवतीला खाली ठेवा! ताटात काय दातेरी चाकं शोधताय?”

सवत म्हणजे मी. बाईंनीच ते नाव ठेवले होते. त्या हसून म्हणत, पण माझ्यातून कधी पाहत मात्र नसत. घड्याळजींच्या एका डोळ्यात मी असे आणि दुसरा मिटलेला. बाईंसाठी तिसरा डोळा नव्हता. मग त्यांनी अंगणात एक लिंबोणी लावली आणि तिच्याशी बोलू लागल्या. “काय गं, आज तोंड उतरलंय?” असे त्या रोज तिला विचारत. मला खिडकीतून ते ऐकू येई.

पुढे लोक वेळ फोनवर पाहू लागले. बंद पडलेले घड्याळ दुरुस्त करण्यापेक्षा नवे आणणे सोपे झाले. पायरीवर कोणी उभे राहीनासे झाले, तेव्हा घड्याळजींनी दुकान सोडले. टेबल गेले, खुर्ची गेली. मी, चिमटा, ब्रश आणि एक काचेची डबी असे चौघे स्वयंपाकघराच्या खणात येऊन पडलो. शेजारी गेलेले बल्ब, सुतळीचे गुंडे आणि कशाच्या तरी किल्ल्या होत्या. खण उघडे, उजेड येई, एक हात आत येई. मला वाटे, माझ्यासाठीच आला. तो हात सुतळी घेऊन जाई.

मित्रांनो, अंधाराचे मला काही वाटत नाही. पण पाहण्यासाठी घडलेल्या वस्तूला पाहायला काहीच नसले, की वेळ फार लांब होतो. घड्याळेही नव्हती, त्यामुळे किती लांब तेही कळत नव्हते.

मग एके दिवशी बाई ओल्या फरशीवरून घसरल्या. कमरेचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि लेक त्यांना दुसऱ्या गावी आपल्या घरी घेऊन गेली. तिथे लिफ्ट होती, नर्स येत होती. घड्याळजी मागे राहिले. घर इतके शांत झाले, की नळाचा थेंब खणात ऐकू येई.

रोज संध्याकाळी लेक फोन लावून देई. घड्याळजी फोन ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात बोलत, त्यामुळे मला दोन्ही बाजू कळत.

“जेवलात का?”

“जेवलो. तुझं दुखणं?”

“आहे तसंच. लिंबोणी कशी आहे?”

“छान आहे.”

लिंबोणी कशी आहे हे त्यांनी पाहिलेलेच नव्हते. पण रोज तेच विचारले जाते म्हटल्यावर एका सकाळी ते अंगणात गेले, आणि परतले ते थेट शेजाऱ्यांना हाक मारत.

शेजारचे गृहस्थ सगळ्या विषयांतले जाणकार होते. बाईंनी त्यांचे नाव ‘फुकट सल्ला केंद्र’ असे ठेवले होते. आपण त्यांना सल्लागार म्हणू. खिडकीतून त्यांचा आवाज खणापर्यंत पोहोचला.

“बुरशी! शंभर टक्के बुरशी. माझ्या गुलाबावर पण असंच पांढरं आलंय. माझ्या मेव्हण्याच्या झाडालाही झालं होतं.”

“मग काय केलं त्यांनी?”

“काय करणार? झाड गेलं.”

“अहो, मग उपाय काय?”

“माझ्याकडे जालीम औषध आहे. पंप भरून मारतो. जगलं तर जगलं, नाहीतर बुंध्यापासून उडवू. हाय काय अन् नाय काय!”

घड्याळजी हो म्हणाले नाहीत. त्यांनी एक पान तोडले आणि कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या रोपवालीकडे नेले. तिने काय सांगितले ते त्यांनी परत येऊन स्वतःशीच घोकले, म्हणून मला समजले. पानावर आहे तो पिठ्या ढेकूण. पीठ सांडल्यासारखा दिसतो म्हणून पिठ्या. तो झाडाचा रस पितो आणि गोड चिकट पाणी टाकतो. त्या चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. खोडावरचे राखाडी-पांढरे गोल डाग मात्र वेगळे. ते सालीवर नुसते बसलेले असतात, झाडाचे काही खात नाहीत, त्यांना खरवडायचे नाही. पिठ्या फार पसरला असेल तर साबणाचे पातळ पाणी फवारायचे. थोडा असेल तर ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसायचा.

तिने आणखीही काही सांगितले असावे. पण ‘ब्रश’ आणि ‘स्पिरिट’ हे शब्द कानी पडले आणि घड्याळजींचे कान तिथेच थांबले. हे तर त्यांचे काम होते!

खण उघडला. हात आला. या वेळी तो माझ्यासाठी होता.

किती काळाने मी त्या खोबणीत बसले! भुवई आता पांढरी झाली होती, कातडी सैल. पण मी पडले नाही.

अंगणातल्या उजेडात मी लिंबोणी प्रथमच पाहिली. नुसत्या डोळ्याला जे कापसाचे पुंजके दिसत होते, ते माझ्या काचेखाली किडे झाले. लांबट, चपटे, अंगावर मेणाची पूड आणि कडेने आखूड पांढरी झालर. पानाच्या देठाशी, फांदीच्या बेचक्यात, लिंबाच्या टोकाशी ते दाटीवाटीने बसले होते. हलत जवळजवळ नव्हते. घड्याळजींनी सल्लागारांच्या गुलाबाचे एक पानही मागून आणले आणि माझ्याखाली धरले. तिथे पाय नव्हते, झालर नव्हती. नुसते बारीक धाग्यांचे पांढरे जाळे होते आणि बोट फिरवताच पिठासारखे पुसले जात होते.

“तुमची बुरशी खरी आहे, तिला भुरी म्हणतात,” घड्याळजी कुंपणावरून म्हणाले. “माझ्याकडे आहेत ते किडे. दोघांचं औषध एक कसं असेल?”

“पांढरं ते पांढरं,” सल्लागार म्हणाले. “पंप धुऊन ठेवलाय. बघा बाबा.”

घड्याळजी कामाला लागले. स्टुलावर बसून एकेक पान, एकेक बेचका. ब्रश बुडवायचा, टिपायचा, पुसायचा. त्यांच्या हाताला पूर्वीची चाल आली. मला वाटले, दुकान परत उघडले.

पिठ्यांच्या गर्दीत अधूनमधून एक वेगळा प्राणी दिसे. तिप्पट मोठा, सगळ्यांत पांढरा, अंगावर लांब लांब वळलेल्या झिपऱ्या. आणि तो भराभर चाले. घड्याळजी म्हणाले, “ही यांची आजी दिसतेय. हिलाच आधी उचललं पाहिजे.” ही झिपरी आजी ब्रशने पुसली जाईना, म्हणून ते तिला चिमट्यात धरत. आणि काढलेला मोठा तुकडा टाकायचा नाही, ही हाताची जुनी सवय. म्हणून ती काचेच्या डबीत जाई. डबीत पिठ्यांनी भरलेली एक काडीही त्यांनी नमुना म्हणून ठेवली होती. अशा सात-आठ झिपऱ्या डबीत जमल्या आणि डबी खिडकीत राहिली.

एकदा एका झिपरीच्या तोंडात पिठ्याचे पिल्लू होते. माझ्या काचेत ते स्पष्ट पडले होते. पण घड्याळजींचे लक्ष चिमट्याच्या टोकाकडे होते. मी दाखवू शकते, मित्रांनो. पाहायला लावू शकत नाही.

पहिल्या खेपेला झाड घड्याळाच्या आतल्या भागासारखे लख्ख झाले. घड्याळजी खूश होते. थोड्याच दिवसांत बेचक्यांतून पांढरे पुन्हा फुटले. त्यांनी पुन्हा पुसले. ते पुन्हा आले, पहिल्यापेक्षा दाट. खोडावरून मुंग्यांची रांग सारखी वर-खाली करत होती. भिंतीकडच्या फांदीची पाने काळी, चिकट झाली आणि गळू लागली. झिपऱ्या मात्र आता एकही दिसत नव्हत्या, आणि घड्याळजींना तेवढेच समाधान होते.

फोनवरचे बोलणे तेच राहिले, फक्त आवाज बदलत गेले.

“लिंबोणी कशी आहे?”

“छान आहे. तू काळजी करू नकोस.”

“पाणी घालताय ना?”

“घालतो. सगळं व्यवस्थित चाललंय.”

मग बाई म्हणाल्या, “लेक म्हणतेय, आता इथंच राहा. तिथं एकटीनं पायऱ्या चढ-उतर नको.”

घड्याळजी ओट्यावरच्या फोनकडे पाहत राहिले. म्हणाले, “बरोबर आहे तिचं. तब्येत महत्त्वाची.”

“म्हणजे राहू?”

“तुला बरं वाटेल तसं.”

फोन बंद झाला. त्यांनी मला डोळ्याला लावले आणि लगेच काढले. पाहण्यासारखे समोर काही नव्हते. आपल्या काळजीने तिचे दुखणे वाढू नये, म्हणून ते ‘छान’ म्हणत होते. आणि लिंबोणी मेली तर या घरी परत यायला तिच्याकडे कारण तरी काय उरणार, ही धास्ती त्यांना आतून पोखरत होती. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. पण ज्या डोळ्यात मी इतकी वर्षे बसले, त्याचे पाणी मला ओळखता येते. काच धुरकट होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणापाशी जाऊन हार मानली. “उद्या सकाळी आणा तुमचा पंप.”

“आधीच म्हटलं होतं!” सल्लागार म्हणाले. “करवत पण आणतो. असू दे जवळ.”

घरात येऊन घड्याळजी आवराआवर करू लागले. ब्रश धुतला, चिमटा पुसला. काचेची डबी रिकामी करायला हातात घेतली आणि झाकणातून काहीतरी हलताना दिसले. हात आपोआप माझ्याकडे आला.

काडी स्वच्छ होती. पिठ्यांनी भरलेली ती काडी कोणी चाटून पुसून ठेवल्यासारखी कोरी झाली होती. झिपऱ्या कमी झाल्या होत्या. त्यांच्या जागी चुरगळलेली पांढरी टरफले पडली होती. आणि टरफलांवरून एक छोटा गोल भुंगा चालत होता. काळपट पाठ, नारिंगी डोके, पाठीचे टोकही नारिंगी. एका टरफलातून दुसरा नुकताच बाहेर येत होता.

घड्याळजी खुर्चीवर टेकले. मग उठून अंगणात गेले, पिठ्यांनी भरलेले एक पान आणले आणि उरलेल्या एका झिपरीपुढे ठेवले. झिपरीने पहिला पिठ्या धरला. खाल्ला. दुसरा धरला. उन्हाची तिरीप टेबलावरून सरकून भिंतीवर गेली, तरी आम्ही दोघे हललो नाही.

“आजी नव्हे ही,” घड्याळजी हळूच म्हणाले. “ही राखण करत होती. आणि मी... चालत्या घड्याळातली, त्याला चालवणारी कमानच काढून ठेवली की.”

त्या संध्याकाळी फोन वाजला.

“लिंबोणी कशी आहे?”

“वाईट आहे,” घड्याळजी म्हणाले.

“काय?”

“आजारी आहे. कधीपासूनची. पिठ्या पडलाय. भिंतीकडची फांदी बहुतेक जाणार.”

“भिंतीकडची? अहो, तिलाच तर सगळ्यात जास्त लिंबं धरतात! आणि तुम्ही इतके दिवस छान छान काय म्हणत होता?”

“तुला काळजी नको म्हणून.”

“आणि केलंत काय तिला?”

“साफ केली. ब्रशनं.”

“साफ? ती काय भिंतीवरचं घड्याळ आहे?”

“तिच्यावरचे किडे खाणारे झिपरे किडे होते, ते पण वेचले. मला वाटलं, तेच मूळ. पण टाकले नाहीत. डबीत आहेत, जिवंत आहेत.”

मग बाईंचा आवाज आला, पूर्वीसारखा, स्वयंपाकघरातून येई तसा.

“मुंग्या आहेत का खोडावर?”

“आहेत. रांगच आहे.”

“आणि तशाच चढू देताय? अहो, मुंग्या त्या पिठ्यांची गोड पाण्यासाठी गुरं राखतात तशी राखण करतात. तुमच्या झिपऱ्यांना त्या टिकू देतील का? रोपवालीनं सांगितलं नाही?”

“सांगितलं असेल,” घड्याळजी म्हणाले.

“ऐकायचं असतं माणसानं! खोडाला जुनं फडकं घट्ट गुंडाळा, फडक्यावर ग्रीस थापा. सालीला लावू नका. फांद्या भिंतीला टेकल्या असतील तर तेवढी टोकं छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतील. औषध-बिवध काही मारू नका, नाहीतर झिपऱ्याही जातील. आणि त्या फुकट सल्ला केंद्राला फाटकाच्या आत घेऊ नका.”

“बरं.”

“मला वाटलं, तुमचं आणि लिंबोणीचं माझ्यावाचून झकास चाललंय. म्हटलं, मी तिथं जाऊन आता काय करू?” त्या थांबल्या. “काठीनं चालता येतं मला आता. लेकीला सांगते, आणून सोड.”

सकाळी सल्लागार पंप आणि करवत घेऊन आले. घड्याळजींनी त्यांना फाटकातच अडवले आणि काचेची डबी पुढे केली. सल्लागारांनी मला डोळ्याला लावून पाहिले. “हा भुंगा मला माहीत होता,” ते म्हणाले, आणि गुलाबाच्या भुरी लागलेल्या फांद्या छाटायला करवत घेऊन परत गेले.

फडके गुंडाळले गेले, ग्रीस थापले गेले. डबी फांदीच्या बेचक्यात उघडी ठेवली. भुंगे आणि झिपऱ्या आपापल्या वाटेने गेल्या. मुंग्या फडक्यापाशी येऊन थबकल्या आणि वळल्या. एकदम काही झाले नाही. झाड घड्याळासारखे टिकटिक करून सांगत नाही. भिंतीकडची फांदी वाळली ती वाळलीच. पण दुसऱ्या अंगाला कोवळी तांबूस पालवी फुटली आणि तिच्या बेचक्यात पांढरे नव्हते.

बाई आल्या तेव्हा लेक त्यांना धरून घरात नेत होती. त्यांनी काठीने अंगणाकडे खूण केली. वाळक्या फांदीवरून हात फिरवला. मग मागे न वळता म्हणाल्या, “आणा बघू त्या सवतीला.”

मी त्यांच्या डोळ्यातून दोनदा पडले.

“भुवई खाली ओढ,” घड्याळजी म्हणाले.

“शिकवू नका मला.” तिसऱ्या खेपेला मी टिकले. बाई फांदीवर वाकल्या. “अगंबाई! हिच्या झिपऱ्या तर बघा. आणि खाते कशी बकाबका!”

हसत त्या मला डोळ्यात घेऊनच वळल्या. “अहो, कुठं गेलात? सगळा धूर दिसतोय.”

“सवतीतून बघायचं तर जवळ यावं लागतं,” घड्याळजी म्हणाले आणि पुढे झाले, तीन बोटांवर.

बाई पाहत राहिल्या. माझ्या काचेत एक सुरकुती होती, एक पांढरी भुवई, आणि डोळ्याच्या खोबणीवर माझ्याच कडेने वर्षानुवर्षे पाडलेला वळ.

“किती म्हातारे झालात हो,” त्या म्हणाल्या.

“आत्ता दिसलं?”

“एवढ्या जवळ कधी आला होतात?”

मित्रांनो, ती नजर माझ्यातून आरपार गेली, माझ्यासाठी नव्हती. माझ्यासाठी कोणतीच नसते. थोड्या वेळाने दोघे आत गेले, आतून भांड्यांचे आवाज आणि भांडणाचे आवाज येऊ लागले, आणि मी बाहेर खिडकीच्या कठड्यावर राहिले. तिथून लिंबोणी मला नुसता हिरवा धूर दिसते. आता मी तिथेच असते. आठवड्यातून एकदा कोणीतरी येते, पानामागे पाहते आणि मला परत ठेवते. खणापेक्षा हे पुष्कळ बरे.

तुमच्या अंगणात, गच्चीवर, कुंडीत कधी पांढरे दिसले, तर लगेच पुसू नका, लगेच फवारू नका. तीन बोटांवर जा. पाय आहेत का पाहा, चालते का पाहा, कोण कोणाला खाते आहे ते पाहा. आणि लांबून कोणी ‘छान आहे’ म्हणाले, तर तिथेही एकदा जवळ जाऊन पाहा.

पाहून झाले, की मला काचेवर पालथे ठेवू नका. ओरखडे पडतात.